पर्यायच नसेल तर सल्ला कशाचा? अप्पा पेंडसे, ज्ञान प्रबोधिनी आणि भोर-वेल्ह्याची खोरी

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की लेखणी आपोआप ठरलेल्या वाटेने चालू लागते. कोनशिला कोणी बसवली, पहिले अध्यक्ष कोण, जागा कोणी दिली, कोणत्या वर्षी शंभर टक्के निकाल लागला, कोणत्या मंत्र्यांच्या हस्ते सभागृह खुले झाले. या नोंदी खोट्या नसतात आणि निरुपयोगीही नसतात. पण दहावीच्या निकालानंतर मुलाला समोर बसवून ‘आता पुढे काय’ हा प्रश्न त्याच्याबरोबर सोडवणारा माणूस त्यांत कुठेच सापडत नाही. त्याच्या कामाची इमारत उभी राहत नाही. त्याने दिलेला सल्ला लागू पडला तर श्रेय मुलाच्या हुशारीला जाते, नाही पडला तर दोष नशिबाला. म्हणूनच अशा मार्गदर्शकाचे आयुष्य कशाने मोजायचे, हा प्रश्न स्मरणिकेच्या संपादकांना अडचणीचा वाटतो. या लेखाचे म्हणणे असे की त्याने किती मुलांना किती अचूक सल्ला दिला, हे त्याचे खरे माप नाही. मुलासमोर खरोखर निवडता येतील असे किती पर्याय त्याने उभे केले किंवा उभे करायला भाग पाडले, हे माप लावायला हवे. ज्ञान प्रबोधिनी ही संस्था आणि तिचे संस्थापक डॉ. विनायक विश्वनाथ उर्फ अप्पा पेंडसे यांच्या कामाकडे पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या बाजूने पाहिले की या म्हणण्याला भक्कम आधार मिळतो.

अप्पांचा काळ १९१६ ते १९८३. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कामात घडलेला हा माणूस पुढे मानसशास्त्राकडे वळला आणि १९६२ च्या विजयादशमीला त्याने पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. सुरुवातीला ती शाळा नव्हतीच. शहरातल्या वेगवेगळ्या शाळांतली बुद्धिमान मुले चाचण्या घेऊन निवडायची आणि शाळेच्या वेळेबाहेर त्यांना जादा शिक्षण द्यायचे, असा तो उपक्रम होता. पूर्ण वेळेची प्रशाला १९६९ मध्ये निघाली. बुद्धीला सामाजिक प्रेरणेची जोड द्यायची, हुशार मुलाने आपली हुशारी देशाच्या प्रश्नांना लावावी, ही त्यामागची धारणा. किशोरवयात मुलामुलींवर विद्याव्रत संस्कार करण्याची प्रबोधिनीची प्रथा याच धारणेतून आली. जुन्या उपनयनाचे ते सर्वांसाठी खुले केलेले रूप आहे, आणि ‘मी कशासाठी शिकणार’ हा प्रश्न तेरा-चौदाव्या वर्षीच मुलाच्या पुढ्यात ठेवायचा, हा त्याचा गाभा. पुण्याच्या गणेशोत्सवात शाळकरी मुलांचे ढोल-बर्ची पथक उतरवण्याचे श्रेयही अप्पांनाच दिले जाते. सामान्य पुणेकराला प्रबोधिनी आठवते ती बहुधा त्या ढोलांमुळे, मानसशास्त्रामुळे क्वचितच. संस्थेचा पाया मात्र मानसशास्त्राचाच होता.

हा पाया त्या काळाच्या हवेतच होता. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी तयार केली. आपल्याकडे १९३० च्या दशकात धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. दुसरा प्रवाह व्यवसाय मार्गदर्शनाचा. अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये स्थलांतरितांच्या तरुण मुलांसाठी व्यवसाय निवडीचे केंद्र उघडले. स्वतःला ओळखा, कामांची दुनिया ओळखा, मग दोन्हींची विचारपूर्वक सांगड घाला, ही त्यांची तीन पायऱ्यांची रीत. जगभरच्या शालेय मार्गदर्शनाने ती पुढे मान्य केली. मुंबई सरकारने १९५० च्या सुमारास व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ती पुन्हा केली. केंद्र सरकारची विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ ची, म्हणजे प्रबोधिनीहून एका वर्षाने धाकटी. बुद्धी शोधा आणि तिला दिशा द्या, हा त्या दशकाचा विश्वास होता. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांतावर मराठी चाचण्या तयार केल्या, तो याच विश्वासाचा पुढचा टप्पा. गिलफर्ड यांनी बुद्धीचा एकच आकडा मानला नाही. पाच प्रकारच्या क्रिया, चार प्रकारचा आशय आणि सहा प्रकारची फलिते यांच्या गुणाकारातून त्यांनी १२० क्षमता मांडल्या. आकड्याने मुलाला एका ओळीत उभे करण्यापेक्षा ही मांडणी अधिक उदार आहे, आणि खेड्यातल्या मुलांना न्याय देण्याची शक्यताही तीत अधिक आहे.

पार्सन्स यांच्या तीन पायऱ्यांत मात्र एक गृहीत दडलेले आहे, आणि ते शहराचे आहे. बोस्टनच्या त्या वस्तीतल्या मुलाला छापखाना, गोदी, शिवणकामाचा कारखाना, कचेरी हे सगळे पायी जाण्याच्या अंतरावर होते. त्याची अडचण एवढीच की कोणते दार आपले, हे त्याला कळत नव्हते. सदाशिव पेठेतल्या मुलाचेही थोड्याफार फरकाने तेच. फर्ग्युसन, स. प., अभियांत्रिकी महाविद्यालय, ससूनचे वैद्यकीय महाविद्यालय सायकलच्या टप्प्यात. अशा ठिकाणी सल्ला पुरतो, कारण पर्याय आधीपासून हजर असतात. तेच शास्त्र, त्याच चाचण्या आणि तोच तळमळीचा शिक्षक नसरापूरच्या पुढे, गुंजवणी नदीच्या काठाने वर नेला तर काय होईल? मुलाची क्षमता कळेल, कामांची यादीही त्याला सांगता येईल. तिसरी पायरी, सांगड घालण्याची, तिथे मात्र पाय ठेवायला जागाच नसते.

जागा का नसते, ते या मुलखाच्या रचनेत आहे. गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, कानद खोरे ही नावे इतिहासाच्या पुस्तकात येतात तेव्हा राजगड, तोरणा, रोहिडा आठवतात आणि छाती फुगते. त्याच खोऱ्यांत आज शाळेत जाणाऱ्या मुलाला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची जेमतेम ५४ हजार होती. पुणे जिल्ह्यातला सर्वांत कमी वस्तीचा तालुका वेल्हे, ज्याचे आता राजगड असे नामकरण झाले आहे. वस्ती विरळ म्हणून शाळा विरळ, शाळा विरळ म्हणून अंतर मोठे. वाडीवर चौथीपर्यंत, मोठ्या गावात सातवीपर्यंत, आणि पुढे वेल्हे, विंझर, पानशेत अशा मोजक्या ठिकाणी जायचे. भोर हे संस्थानाचे गाव. पंतसचिवांची राजधानी असल्याने तिथे शिक्षणाची परंपरा जुनी, राजा रघुनाथराव विद्यालयाच्या नावातच संस्थानाची खूण आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि भोर पुणे जिल्ह्यात आले. पण भोर गावातली सोय भोर तालुक्याच्या पश्चिम टोकाला मिळाली असे झाले नाही. हिरडस मावळातल्या मुलाला भोरही दूरच.

या भागाचे पाणी आणि या भागातली माणसे दोन्ही खाली जातात. भाटघरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले आणि १९२० च्या दशकात त्याच्या जागी मोठे लॉईड धरण उभे राहिले. पुढे नीरा-देवघर आले. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी. नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूर-फलटणचा ऊस पिकवला, पानशेत-वरसगावने पुण्याची तहान भागवली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याचा अर्धा जुना भाग पाण्याखाली गेला. धरण वेल्ह्याच्या डोंगरात आहे, याची जाणीव अनेक पुणेकरांना त्या दिवशी प्रथम झाली असेल. धरणांखाली गेलेली भाताची खाचरे मात्र कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाहीत. माणसांची वाट मुंबईची. गिरणी, गोदी, माथाडी काम, हॉटेलातले टेबल पुसणे. शिकलेला असो वा नसो, थोरला मुलगा मुंबईला जायचा आणि मनिऑर्डर यायची. म्हणजे इथल्या मुलाच्या भवितव्याचा निर्णय कोणत्याही मार्गदर्शकाच्या आधी आणि त्याच्यावाचूनच झालेला असे. मुलीचा निर्णय तर त्याहून लवकर.

त्या निर्णयाचा हिशेब कोरडेपणाने मांडून पाहावा. आठवीत जाणाऱ्या मुलीच्या घरी प्रश्न विचारले जातात ते असे: एसटी किती वाजता येते आणि संध्याकाळी परत कधी येते, थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता अंधारात कसा चालायचा, लावणीच्या दिवसांत घरचे कोण बघणार, धाकट्याला कोण सांभाळणार, आणि बाहेर राहायचे झाले तर कोणाकडे. तिचा कल शास्त्राकडे आहे की कलेकडे, हा प्रश्न या यादीत येतच नाही, आणि न येण्यात आईबापांचे अज्ञान नाही. त्यांनी योग्य क्रमाने विचार केला आहे. राज्य मंडळाने २०१६ मध्ये श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्यविज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाचा ओढा कुठे आहे, हे तिने सांगायचे. उपक्रम चांगल्या हेतूचा होता आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर तो राबवणे ही सोपी गोष्ट नव्हती. पण वेल्ह्यातल्या केळदच्या बाजूच्या एखाद्या मुलीच्या कागदावर ‘आरोग्यविज्ञान’ असे आले, तर तो कागद तिला अकरावी विज्ञानाच्या वर्गापर्यंत कसा नेणार? तिथे जाण्यासाठी राहण्याची जागा हवी, आणि राहण्याची जागा चाचणीत मोजत नाहीत. गणवेशधारी सेवांचे चित्र वेगळे दिसते. पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले या भागात कोणालाही दिसतात. तो पर्याय डोळ्यांसमोर आहे, गावातला कोणीतरी त्यात गेलेला आहे, म्हणून कल चाचणी न देताही मुले तिकडे वळतात. पर्याय दिसला की कल आपोआप तयार होतो, याचा यापेक्षा सरळ पुरावा शोधायला नको.

आता प्रबोधिनीने काय केले ते पाहू. बुद्धिमान मुले निवडून त्यांना घडवणारी ही शहरी संस्था १९७० च्या आसपास पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिवापूरकडे वळली. शिवगंगा आणि गुंजवणी या नद्यांचे खोरे हवेली, भोर आणि वेल्हे या तीन तालुक्यांना जोडते. त्या खोऱ्याच्या तोंडाशी शिवापूरला ग्रामीण मुलांसाठी शिक्षण आणि छोट्या कारखानदारीचे प्रयोग सुरू झाले. पुढे याच खोऱ्यातून काम वर सरकत वेल्ह्यापर्यंत गेले. बायकांचे बचत गट उभे राहिले, आणि वेल्ह्यात दूरच्या वाड्यांवरच्या मुलींना शाळेसाठी राहता यावे म्हणून सहनिवास चालवला गेला. संस्थेच्या इतिहासात ही प्रकरणे ‘ग्रामविकसन’, ‘स्त्री-शक्ती प्रबोधन’ अशा वेगळ्या शीर्षकांखाली येतात, आणि मानसशास्त्र, चाचण्या, समुपदेशन हे वेगळे प्रकरण ठरते. ही विभागणी कार्यालयीन सोयीची असेल, पण तिच्यामुळे मुख्य दुवा झाकला जातो. मुलाच्या क्षमतेला दिशा द्यायची, हे जे काम अप्पांनी १९६२ मध्ये अंगावर घेतले, तेच काम शिवापूरला आल्यावर कारखाना झाले आणि वेल्ह्यात पोहोचल्यावर मुलींच्या निजण्या-जेवण्याची सोय झाले. सांगड घालण्याच्या पायरीला जागा नव्हती, ती आधी बांधावी लागली. बचत गट तर वरवर पाहता शिक्षणापासून फारच लांबचा. पण आईच्या हाती स्वतःच्या नावाचे चार पैसे असले की मुलीच्या फीचा, पासाचा, वह्यांचा निर्णय घरातल्या एकाच माणसाच्या मर्जीवर राहत नाही. घरातल्या त्या निर्णयाच्या जागेपर्यंत ज्याला जाता येत नाही, त्या मार्गदर्शकाचे बोलणे शाळेच्या फाटकाशीच संपते.

यावर पहिला आक्षेप व्यवसायाचा अभिमान असलेल्या समुपदेशकांकडून येईल. ते म्हणतील, समुपदेशकाचे काम ऐकण्याचे आहे. मुलाच्या मनातला गुंता त्याच्यापुढे मोकळा करायचा, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा, गुप्तता पाळायची. वसतिगृह काढणे आणि कारखाना चालवणे हे कार्यकर्त्याचे काम. दोन्ही एकत्र केले की ऐकणे मागे पडते आणि उपकाराचे ओझे मुलाच्या डोक्यावर बसते. या आक्षेपात तथ्य आहे. नापास झालेल्या मुलाची भीती, घरातली मारहाण, मनाविरुद्ध ठरत असलेले लग्न या गोष्टी वसतिगृहाच्या रजिस्टरात येत नाहीत. त्यांना ऐकणाराच लागतो, आणि तो सोय करून देणाऱ्याहून वेगळा असेल तर उत्तमच. अशा ध्येयवादी संस्थांना ‘घडवण्या’ची जी हौस असते, तिच्यामुळे मुलाचे स्वतःचे म्हणणे दबण्याचा धोकाही खरा आहे, प्रबोधिनीही या धोक्यापासून मुक्त होती असा दावा कोणी करू नये. पण नुसते ऐकण्याचा परिणाम डोंगरात काय होतो, तेही पाहिले पाहिजे. जिच्यापुढे एकच वाट आहे तिला ‘निर्णय तुझा’ असे सांगितले, तर घरच्यांनी आधी घेतलेला निर्णय तिच्या तोंडून वदवून घेतल्यासारखे होते. तिच्या संमतीची मोहर त्यावर बसते एवढेच. ऐकणे आणि सोय करणे यांचा झगडा पुण्यात लावता येतो. वेल्ह्यात सोय नसेल तर ऐकलेले वाया जाते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो प्रबोधिनीच्या मूळ कल्पनेवरच बोट ठेवतो. बुद्धिमान मुले चाचणीने निवडायची, हेच मुळात शहरी, शिकलेल्या, बहुतांशी उच्चवर्णीय घरांच्या बाजूचे नाही का? चाचणीची भाषा, चाचणीतली चित्रे, वेळेच्या बंधनात उत्तर द्यायची सवय, हे सगळे ज्या घरात पुस्तके आहेत तिथे आपसूक येते. हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. निवडीवर उभी राहिलेली कोणतीही योजना, मग ती महाराष्ट्र सरकारने १९६६ मध्ये ग्रामीण गुणवंतांसाठी काढलेली विद्यानिकेतने असोत किंवा १९८६ च्या धोरणातून आलेली नवोदय विद्यालये असोत, थोड्या मुलांना उचलून दुसरीकडे नेते आणि उरलेल्यांना होती तिथेच ठेवते. पुणे जिल्ह्याचे नवोदय शिक्रापूरला आहे. वेल्ह्यातून तिथे पोहोचणारे मूल म्हणजे वेल्ह्यातून बाहेर पडलेले मूल. प्रबोधिनीची सुरुवातही याच तऱ्हेची होती, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. म्हणूनच शिवगंगा-गुंजवणी खोऱ्यातले पुढचे काम त्या सुरुवातीची शाखा म्हणून न पाहता तिची दुरुस्ती म्हणून पाहणे अधिक बरोबर ठरते. तिथे सहनिवासात राहण्यासाठी बुद्ध्यंकाची अट नव्हती, गाव लांब असणे हीच पात्रता होती. निवड करणाऱ्या संस्थेला निवडीशिवाय काम करावे लागले, हा बदल अप्पांच्या मूळ आराखड्यात कितपत होता यावर वाद घालता येईल, पण त्यांनी बुद्धीला समाजाशी बांधण्याचा जो हट्ट धरला त्याचा हा तर्कशुद्ध शेवट होता, एवढे म्हणता येते.

तिसरा आक्षेप गावाकडून येतो, आणि तो सहसा लेखी येत नाही. शिकवलेत, राहायला जागा दिलीत, नोकरीची वाट दाखवलीत. पोर गेली, परत आली नाही. मार्गदर्शनाने गाव ओस पडायला हातभारच लागला. या म्हणण्यात वेदना आहे, पण घटनाक्रम उलटा आहे. गावे ओस पडू लागली ती मार्गदर्शनाच्या कितीतरी आधी, गिरण्यांच्या भोंग्याने. प्रश्न जाण्या-न जाण्याचा नव्हता. कोणत्या अटींवर जायचे, एवढाच होता. सातवी नापास मुलगा गोदीत ओझी उचलायला गेला आणि बारावी, आयटीआय झालेला मुलगा यंत्रावर कामाला गेला, यांत गावाचे नुकसान सारखेच असेल. मुलाचे मात्र नाही. शिवापूरच्या प्रयोगामागे खोऱ्यातच काम निर्माण करण्याचा विचार होता, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्याची मर्यादाही लपवू नये. या पट्ट्यात उद्योग खऱ्या अर्थाने आले ते पुणे-सातारा महामार्ग रुंद झाल्यावर, खेड शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ आणि नीरेपलीकडे शिरवळला, आणि ते कोणा संस्थेच्या ध्येयाने आले नाहीत, जमिनीच्या भावाने आणि रस्त्याने आले. मात्र ते आले तेव्हा खोऱ्यातल्या कोणत्या मुलांना त्यांत हमालीपलीकडचे काम मिळाले, हे शाळेने आणि आयटीआयने ठरवले. रस्ता कामे आणतो, कामाला लायक हात आणत नाही.

चौथा आक्षेप आकड्यांचा. एखाद्या संस्थेचा एक सहनिवास, काही डझन गट, थोड्या मुली. दोन तालुक्यांच्या गरजेपुढे हे किती? आणि हे सगळे सरकारचेच काम नव्हे का? दोन्ही गोष्टी मान्य. खासगी संस्था किती गावे पुरी पडणार, आणि २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला तेव्हा डोंगरी तालुक्यांवरचे सावट कोणती संस्था रोखू शकली असती? पण सरकारने काहीच केले नाही असेही नाही. शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास आहे. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपयांची. तालुक्याच्या ठिकाणी शासकीय आयटीआय आहे. जुलै २०२४ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. कागदावर पर्याय आहेत, मग सांगड का बसत नाही? कारण कागद आणि मुलगी यांच्यात उत्पन्नाचा दाखला आहे, अधिवासाचा दाखला आहे, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी आहे, आधारशी जोडलेले बँक खाते आहे, महाडीबीटीवर भरायचा अर्ज आहे, आणि त्या अर्जाची मुदत आहे. सेतू केंद्रात एक खेप म्हणजे बापाची एका दिवसाची मजुरी. नावात एका अक्षराचा फरक निघाला की दुसरी खेप. या खेपा वाचवणारा शिक्षक किंवा कारकून, जो मुलाचा दाखला जूनऐवजी फेब्रुवारीतच काढायला लावतो, जो शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहू देत नाही, तोच या तालुक्यांतला खरा मार्गदर्शक आहे. त्याच्याकडे मानसशास्त्राची पदवी बहुधा नसते. त्याच्या पदाचे नावही मार्गदर्शक असे नसते. योजना सरकारच्या आहेत म्हणून हे काम सरकार करते असे समजणे म्हणजे धरण बांधले म्हणून शेतात पाणी आले असे समजणे.

तेव्हा अप्पांसारख्या माणसाचे स्मरण करताना त्यांच्या चाचण्या, त्यांची प्रशाला आणि तिथून मोठ्या पदांवर गेलेले विद्यार्थी एवढेच मोजले तर त्यांच्या कामाचा सोपा अर्धाच भाग हाती येतो. तो भाग मोठा आहे, पण पुण्यात तो थोडाफार कोणी ना कोणी केलाच असता. त्यांच्या मृत्यूनंतर संस्थेने नदीच्या उगमाकडे काम नेले, त्या भागाची नोंद अधिक अवघड आहे. कारण तिथे यश म्हणजे कोणीतरी कलेक्टर होणे नाही. आठवीत सुटणारी शाळा दहावीपर्यंत टिकणे, सोळाव्या वर्षी ठरणारे लग्न चार वर्षे पुढे जाणे, शेजारच्या वाडीवरची पहिली परिचारिका होणे, असे ते दिसते. अशा नोंदी कोणत्याही वार्षिक अहवालात नीट बसत नाहीत. म्हणून भोर-वेल्ह्यातल्या कोणत्याही शाळेने स्मरणिका काढताना निकालाच्या टक्केवारीशेजारी आणखी एक तक्ता छापावा: दर वर्षी आठवीत असलेल्यांपैकी किती जण दहावीला बसले, त्यांत मुली किती, दहावीनंतर कोण कुठे गेले, आणि कोणाचा दाखला कोणत्या कारणाने वेळेत मिळाला नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात, दाखल्यांच्या पुस्तकात आणि हजेरीपटांत ही माहिती पडलेली असते. कोणीतरी दोन सुट्ट्या बसून ती उतरवायची असते. त्या तक्त्यातून आजची अडचण कुठे सरकली आहे, तेही दिसेल. फी माफ झाल्यावर बारावीनंतरच्या मुलीपुढे उरतो तो पुण्यातल्या खोलीच्या भाड्याचा आणि खानावळीचा खर्च, आणि शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव लागेपर्यंतचे पहिले काही महिने. ते महिने कोणाच्या घरी काढायचे, याची सोय अजून बहुतेक मुलींच्या बाबतीत नातेवाइकांवरच सोडलेली आहे, आणि ज्यांचे पुण्यात कोणी नाही त्या मुली प्रवेश मिळूनही ऑगस्टपर्यंत गावी परततात.